‘सिव्हिलायझेशन’ची टास रन : पहिलं बटण दाबण्याआधीचं काम

सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा पाळीपाळीने खेळायचा स्ट्रॅटेजी गेम 1991 मध्ये मायक्रोप्रोजने डॉससाठी आणला. तेव्हापासून तो लोक कसा खेळतात? शहरं वाढवतात, विद्या मिळवतात, भिंती बांधतात, शेजाऱ्याशी तह करतात. टास रन करायची असेल तर यातलं जवळजवळ सगळं विसरावं लागतं. इथे चाल किती ताकदीची आहे याला किंमत नाही. ती किती बटणांत होते आणि तिच्यामुळे गेम किती वेळ थांबतो, एवढंच बघायचं. नशीब तर आपण स्वतःच निवडणार असतो. त्यामुळे ‘सुरक्षित’ खेळण्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे फुकट गेलेला वेळ.

टास म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन, साधनांच्या मदतीने गेम कमीत कमी वेळात संपवणं. इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) गेम हळू चालवायचा, सेव्हस्टेटवर (मशीनच्या जतन केलेल्या अवस्थेवर) मागे जायचं, पुन्हा करायचं आणि शेवटी फक्त बटणांची एक फाइल उरते. ती फाइल कोऱ्या मशीनवर चालवली की गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच्या तसा उलगडला पाहिजे. अ‍ॅक्शन गेममध्ये हे काम फ्रेमचं, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राचं असतं. स्ट्रॅटेजी गेममध्ये बरंचसं काम कागदावरचं असतं, आणि ते आधी केलं नाही तर पुढे आठवडेच्या आठवडे वाया जातात.

कुठलं घड्याळ?

सुरुवातीलाच ठरवायचं की कमीत कमी टर्न (पाळ्या) हवेत की कमीत कमी खरा वेळ. दोन्हींचे मार्ग वेगळे पडतात. टर्न मोजायचे असतील तर एका टर्नमध्ये हवी तितकी बटणं दाबा, कुणी विचारत नाही. खरा वेळ मोजायचा असेल तर रिकामा टर्न स्वस्त आणि बटणांनी भरलेला टर्न महाग. टासव्हिडिओज या संकेतस्थळावर वेळ मोजतात तो मशीन चालू झाल्यापासून शेवटच्या बटणापर्यंतचा. इथेही तोच धरला आहे.

जिंकायचे रस्ते दोन : अल्फा सेंटॉरीला यान पोहोचवणं, किंवा बाकीच्या सगळ्यांना संपवणं. यानाचा रस्ता लगेच बाद. त्यासाठी गेममधल्या जवळजवळ सगळ्या विद्या एकामागून एक मिळवाव्या लागतात, आणि प्रत्येक विद्येमागे पडद्यावर निदान एक-दोन खिडक्या उघडतात. उरली लढाई, तीही पहिल्या काही टर्नमधली, जेव्हा शत्रूचं शहर एकच असतं आणि त्यात फार तर एखादं मिलिशिया, म्हणजे सगळ्यात साधं पथक.

मशीन

डॉस गेम चालवणारा नेहमीचा इम्युलेटर, साधा डॉसबॉक्स, या कामाचा नाही. तोच इनपुट दिला तर तोच निकाल येईल याची तो खात्री देत नाही. डॉससाठी जुना आणि मुरलेला पर्याय म्हणजे जेपीसी-आरआर. हा जावात लिहिलेला अख्खा पीसी आहे. बिझहॉक या दुसऱ्या इम्युलेटरच्या अलीकडच्या आवृत्तीमध्ये डॉसबॉक्स-एक्सवर आधारलेला गाभाही आला आहे. पुढचं वर्णन जेपीसी-आरआर डोळ्यांसमोर ठेवून आहे. तत्त्व दोन्हीकडे एकच.

जेपीसी-आरआरमध्ये ‘फ्रेम’ ही इनपुटची पट्टी नाही. प्रत्येक घटना नॅनोसेकंदाच्या शिक्क्यानिशी लिहिली जाते. सीपीयूचा वेग भाजकाने ठरतो : भाजक 50 म्हणजे दर 50 नॅनोसेकंदाला एक इन्स्ट्रक्शन, म्हणजेच 20 मेगाहर्ट्झ. भाजक लहान केला की शत्रूचा विचार लवकर संपतो, पण गेममधले थांबे तेवढेच राहतात, कारण ते सीपीयूवर नाही तर पीसीच्या टायमरवर चालतात. टायमरचा टिक सेकंदाला 18.2 वेळा पडतो, म्हणजे एक टिक साधारण 54.9 मिलिसेकंदांचा. लढाईचं हलणारं चित्र, संदेशाआधीची उसंत, सरकणारं पथक, हे सगळं टिकमध्ये मोजलं जातं. म्हणून प्रत्येक कृतीची किंमत टिकमध्ये लिहून ठेवायची आणि सीपीयूचा वेळ वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकत्र केले तर कुठे वेळ गेला ते कधीच सापडत नाही.

हार्ड डिस्कची इमेज कोरी हवी. त्यात सिव्हिल0.एसव्हीई ही जुन्या खेळाची सेव्ह फाइल किंवा त्याच्या जोडीची .मॅप फाइल पडलेली असेल तर ती आधी काढा. डिस्कवर एक फाइल जास्त असली तरी वाचनाचा वेळ बदलतो, वेळ बदलला की पुढची बटणं चुकीच्या क्षणी पडतात आणि रन तुटते. इमेजचा हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तुटलेल्या रनमागे बहुतेक वेळा खेळातली चूक नसतेच. इमेज बदललेली असते, बायॉस (पीसीचा मूळ अंगभूत प्रोग्रॅम) वेगळा असतो किंवा भाजक दुसराच असतो.

एक बटण, जवळून

समजा पथक वर सरकवायचं आहे. नंबर पॅडवरचं 8 दाबलं की कीबोर्डकडून 72 हा कोड जातो, सोडलं की 200. एंटरचे 28 आणि 156. सोडण्याचा कोड नेहमी दाबण्याच्या कोडपेक्षा 128 ने जास्त. माणूस बटण सोडतोच, टासमध्ये मात्र ‘सोडलं’ ही घटना आपल्यालाच लिहावी लागते. ती विसरली तर त्याच बटणाचा पुढचा दाब लिहिताना गोंधळ होतो. शिफ्टसारखं बटण अडकून राहिलं तर पुढची सगळी अक्षरं वेगळीच जातात.

आता गंमत. गेम बटणं बायॉसकडून घेत असेल तर मधे एक साठा असतो. त्यात 16 जागा आहेत पण 15 बटणंच मावतात, कारण भरलेला आणि रिकामा यांतला फरक कळण्यासाठी एक जागा मोकळी ठेवावी लागते. सोळावं बटण दाबलं की स्पीकर टुक् करतो आणि ते बटण हरवतं. म्हणजे गेम डिस्क वाचत असताना किंवा शत्रू विचार करत असताना पुढची 15 बटणं आधीच रांगेत लावता येतात, आणि गेमला जाग येताच तो ती एका दमात गिळतो. माणसाला हे जमत नाही असं नाही, पण 15 च्या 15 न चुकता लावणं हे टासचंच काम.

यात एक खोच आहे. काही खिडक्या उघडण्याआधी गेम साठलेली बटणं फेकून देतो, म्हणजे घाईत झालेल्या दाबाने महत्त्वाचा संदेश निघून जाऊ नये. अशी प्रत्येक जागा शोधून यादीत नोंदवायची : इथे साठा चालतो, इथे पुसला जातो. पुसल्या जाणाऱ्या जागी बटण खिडकी उघडल्यानंतरच्या पहिल्याच क्षणी पडायला हवं. तो क्षण दोन सेव्हस्टेटमध्ये अर्ध्याअर्ध्याने शोधतात. मधल्या क्षणी बटण दाबून बघा, चाललं तर आधीचा अर्धा घ्या, नाहीतर नंतरचा. वीसेक प्रयत्नांत एक सेकंद मायक्रोसेकंदापर्यंत उतरतो.

मेनूतले निर्णय

गेम उघडताना ग्राफिक्स, आवाज आणि कंट्रोलर विचारतो. आवाज बंद आणि नुसता कीबोर्ड घ्या. माउस नसला तर त्याच्या घटना लिहायची कटकटही नाही, आणि हा गेम कीबोर्डवर पुरता खेळता येतो.

आपल्यासकट संस्कृतींची संख्या 7 पासून 3 पर्यंत घेता येते. अर्थातच 3, म्हणजे आपण आणि दोन शत्रू. त्यासाठी बाण दोन-चार वेळा जास्त दाबावा लागला तरी चालेल. एक शत्रू कमी झाल्याने जितका वेळ वाचतो त्यापुढे ते काहीच नाही.

नकाशा मात्र विचार करून निवडायचा. स्वैर जग घेतलं तर ते तयार व्हायला वेळ लागतो आणि शत्रू समुद्रापलीकडे निघू शकतो. समुद्र ओलांडायला ट्रायरीम हे जहाज हवं, ट्रायरीमला मॅप मेकिंग ही विद्या, तिला आधी अल्फाबेट, आणि वर जहाजाचे 40 शील्ड (शहराच्या उत्पादनाचं माप). रनचा जीव तिथेच गेला. पृथ्वीचा नकाशा घेतला तर 80 गुणिले 50 चौकटींचं तेच जग दरवेळी मिळतं आणि प्रत्येक संस्कृती आपापल्या ऐतिहासिक जागी सुरू होते. रोमन, जर्मन, फ्रेंच, ग्रीक, रशियन हे एकाच जमिनीवर आहेत. आपण त्यांपैकी एक घ्यायचं आणि दोन्ही शत्रू पायी गाठता येतील असे मिळेपर्यंत सुरुवात बदलत राहायचं. इंग्रज आले की ती सुरुवात टाकून द्यायची, मधे पाणी आहे. अमेरिकन आणि अ‍ॅझटेक आले तर विचारही नको.

इथे एक सापळा आहे. गेममध्ये 14 संस्कृती आहेत आणि त्या दोन-दोन एका रंगात आहेत : रोमन-रशियन, बॅबिलोनियन-झुलू, जर्मन-फ्रेंच, इजिप्शियन-अ‍ॅझटेक, अमेरिकन-चिनी, ग्रीक-इंग्रज, भारतीय-मंगोल. एखादीला फार लवकर संपवलं तर त्याच रंगाची दुसरी संस्कृती नव्याने उभी राहू शकते. जर्मन मारले आणि फ्रेंच उगवले तर निदान ते जवळ असतात. ग्रीक मारले आणि इंग्रज उगवले तर पुन्हा पाणी आलं आडवं. म्हणून शत्रू निवडताना तो एकटा बघायचा नाही, त्याच्या रंगाची जोडी बघायची. शत्रू संपला की लगेच मेमरीत खात्री करा की त्या रंगाच्या नावावर नवं शहर किंवा सेटलर (शहर वसवणारं पथक) आलेला नाही. नकाशावर ते दिसत नाही, कारण तो भाग अंधारात असतो.

खेळ सुरू झाल्यावर पहिलं काम गेमच्या ऑप्शन्स यादीत. अ‍ॅनिमेशन, शत्रूच्या हालचाली दाखवणं, ऑटोसेव्ह, सिव्हिलोपीडियाचा (गेममधल्या माहितीकोशाचा) मजकूर, झटपट सल्ला, हे सगळं बंद करायचा मोह होतो. पण प्रत्येक खूण काढायला बटणं लागतात. ऑटोसेव्ह दर 50 टर्ननी होतो. रन त्याआधीच संपणार असेल तर त्याला हात लावायची गरज नाही. शत्रूच्या हालचाली मात्र शेजारी पोहोचल्यावर प्रत्येक टर्नला वेळ खातात, ती खूण काढलीच पाहिजे. काढायची कधी, तर शत्रू पहिल्यांदा दिसण्याच्या आदल्या टर्नला, आणि तीही आपण एरवी वाट बघत असू त्या क्षणी.

फासे

आता मूळ गोष्ट. त्या काळातले मायक्रोसॉफ्ट सी कंपायलरवर बांधलेले गेम साधारणपणे एकाच सूत्राने फासे टाकतात, म्हणजे नशिबाचे आकडे काढतात : आधीची 32 बिटांची संख्या (हिलाच बीज म्हणायचं) गुणिले 214013, अधिक 2531011, आणि निकाल म्हणून सगळ्यात वरचा एक बिट सोडून त्याखालचे 15 बिट. बीज 1 असेल तर पहिले आकडे 41, 18467, 6334, 26500, 19169 असे येतात. हे आकडे ओळखीचे झाले की अर्धं काम झालं. मेमरीत हे बीज शोधायची रीत सोपी आहे. एक लढाई करा, आधीची आणि नंतरची मेमरी घ्या, आणि कुठली 32 बिटांची संख्या या सूत्राच्या काही पावलांनी दुसरीपर्यंत पोहोचते ते छोट्या प्रोग्रॅमने तपासा. पावलांची मर्यादा हजारेक ठेवा. योगायोगाने जुळणारा पत्ता क्वचितच निघतो.

सूत्र हाती आलं की गेम न चालवता पुढचा प्रत्येक फासा काढता येतो. गुणक विषम असल्याने उलटही चालता येतं : हवा तो निकाल घ्या आणि त्याआधी बीज काय असायला हवं ते मागे मागे मोजा. एकूण अवस्था 4,29,49,67,296. आजच्या संगणकाला हे थोड्या वेळाचं काम आहे.

पण बीज आपोआप हलत नाही. कोणीतरी फासा मागितला तरच ते पुढे सरकतं. म्हणून दुसरी यादी लागते : कुठल्या कृतीने किती फासे खर्च होतात. पथक हलवणं, शहराची खिडकी उघडून बंद करणं, स्पेसने पथक गप्प बसवणं, दोन पथकांचा क्रम बदलणं, शत्रूची अख्खी पाळी. नुसतं थांबल्याने बीज हलतं का हेही तपासा. हलत असेल तर वाट बघणं हेच सगळ्यात स्वस्त हत्यार. हलत नसेल तर दहा मिनिटं थांबूनही तोच फासा येणार, मग एखादी फालतू कृती घुसवावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते.

सुरुवातीचं बीज घड्याळावरून घेतलं जात असेल तर उत्तमच. इम्युलेटरमध्ये मशीनची सुरुवातीची तारीख आणि वेळ आपण ठरवतो, तो रनच्या वेळेत धरला जात नाही. एक सेकंद पुढे, वेगळं जग.

एक लढाई, जवळून

मिलिशिया म्हणजे हल्ला 1, बचाव 1, चाल 1, किंमत 10 शील्ड. शत्रूचं शहर टेकडीवर आहे, आत तटबंदी करून बसलेलं मिलिशिया. टेकडीमुळे बचाव दुप्पट, तटबंदीमुळे दीडपट : 1 गुणिले 2 गुणिले 1.5, म्हणजे 3. आपला हल्ला 1. साधा हिशेब 1 भागिले 4, म्हणजे चारात एकदा जिंकू. कुठलाही शहाणा खेळाडू इथे कॅटपल्टची वाट बघेल. कॅटपल्ट म्हणजे हल्ला 6, पण 40 शील्ड आणि त्याआधी मॅथेमॅटिक्स. टासमध्ये मिलिशियाच पाठवायचं. या गेममध्ये जखमी होणं नाही. एक पथक मरतं, दुसरं जसंच्या तसं उरतं. म्हणून चारात एक शक्यता असली तरी चार वेगवेगळ्या बीजांत साधारण एकदा ती मिळते, आणि जिंकलेलं मिलिशिया पुढच्या लढाईला ताजंतवानं. अशा सहा लढाया ओळीने जिंकायच्या तर शक्यता 4096 मध्ये एक. माणसासाठी अशक्य, शोधासाठी किरकोळ.

पथक 1 चालीचं असेल तर मात्र एक अडचण येते. ते शहराला लागून उभं राहिलं की टर्न संपतो, संपर्क होतो, आणि शत्रूचा राजा बोलायला येतो. त्याचं चित्र, त्याचं भाषण, आपलं उत्तर. तह स्वीकारला तर पुढे तो मोडायच्या आणखी खिडक्या. 2 चालींचं घोडदळ या जागी सोनं आहे : पहिल्या चालीत शहराला भिडायचं, दुसऱ्या चालीत हल्ला, राजाला तोंड उघडायला वेळच नाही. घोडदळ बनवायला हॉर्सबॅक रायडिंग आणि 20 शील्ड लागतात, पण गावाच्या झोपडीत भाडोत्री पथक म्हणून ते फुकटही मिळतं. झोपडीतून काय निघेल तो फासा, आणि फासे आपल्या हातात आहेत. म्हणून वाटेत पडणारी पहिली झोपडी घोडदळासाठीच राखायची. पन्नास सोन्याचा मोह नको, आणि विद्या तर नकोच, ती आली की खिडकी आली.

शहराचा आकार 1 असताना घुसलं तर ते नष्ट होतं, आपलं होत नाही. साध्या खेळात हे नुकसान. इथे फायदा, कारण जिंकलेलं शहर म्हणजे लुटीचा संदेश, विद्या चोरण्याची निवड आणि शहराची खिडकी. आकार 2 असेल तर भिंत नसलेल्या शहरावरचा यशस्वी हल्ला लोकसंख्या एकने कमी करतो, मग दुसऱ्या पथकाने घुसायचं. शहर गेलं की त्याने पोसलेली पथकंही जातात, रानात हिंडणाऱ्या मिलिशियाच्या मागे लागायची गरज नाही. सेटलर मात्र बाहेर निघालेला असेल तर तो दुसरं शहर वसवतो आणि सगळा हिशेब फिसकटतो. शत्रूचं दुसरं सेटलर तयार होण्याआधी पोहोचणं हीच खरी मुदत. सेटलरला 40 शील्ड लागतात. शत्रूच्या शहराचं दर टर्नचं उत्पादन मेमरीतून वाचा, भागाकार करा, तो टर्न वहीत लाल करा.

आपल्या बाजूला एकच शहर पुरतं. पहिल्याच टर्नला जिथे उभे आहोत तिथेच B हे बटण दाबून वसवायचं, नावाला एंटर. चांगली जागा शोधत चार पावलं चालणं म्हणजे चार टर्न. कर वाढवून संशोधन शून्याकडे न्यायचं : विद्येच्या खिडक्या लांबतात, सोनं साठतं, आणि दुसरं मिलिशिया विकत घेता येतं. विकत घेताना एक टर्नचं काम होऊ द्या, एकही शील्ड जमलेलं नसताना किंमत जास्त पडते.

वही

प्रत्येक टर्नसाठी एक ओळ : टर्न, बीजाची किंमत आत येताना, दाबलेली बटणं, खर्च झालेले फासे, टिक, सीपीयूचा वेळ, सेव्हस्टेटचं नाव. सेव्हस्टेटला ‘नवा2-अंतिम-खरंच’ अशी नावं देऊ नका. टर्न आणि बीज हेच नाव ठेवा, म्हणजे दोन फांद्या एकाच अवस्थेला पोहोचल्या तर लगेच दिसतं आणि हळू फांदी कापता येते.

पहिली पूर्ण रन घाणेरडी असू द्या. फाशांची पर्वा न करता जिंकून दाखवणारी एक कच्ची फाइल तयार झाली की कुठे टिक जातात ते कळतं. बहुतेक वेळा लढाईत नाही, खिडक्यांत जातात. मग शेवटाकडून सुरुवातीकडे नाही तर सुरुवातीकडून शेवटाकडे सुधारत या. आधी एक बटण हललं की पुढचं सगळं बीज बदलतं आणि नंतरची सुधारणा पाण्यात जाते.

शेवटच्या शहरावर पडणारं बटण हे रनचं शेवटचं बटण. त्यानंतरचे विजयाचे पडदे बटणाशिवाय सरकत असतील तर त्यांना हात लावू नका. नाहीतर ते ओलांडायला दाबलेलं एंटर घड्याळात मोजलं जाईल.

फाइल संपली की इम्युलेटर बंद करा, हॅश जुळणाऱ्या कोऱ्या इमेजवर मशीन पुन्हा उभं करा आणि फाइल एकदाही न थांबवता चालवा. नंतर तेच दुसऱ्या संगणकावर करा.